डॉक्टरांपासून लपवलेली बिडी

त्या दिवसांत देवीचं नाव घ्यायचीही मला लाज वाटत होती. लोकांना वाटे, मी दुःखाने गप्प आहे. खरं कारण वेगळंच होतं.

आम्ही गोंदियाजवळच्या कुडव्याचे. माझे यजमान राइस मिलमध्ये मशीन चालवायचे. एका सकाळी कामावरच त्यांच्या छातीतून पाठीपर्यंत जीवघेणी कळ गेली आणि ते खाली बसले. गोंदियाच्या डॉक्टरांनी तपासून लगेच नागपूरला पाठवलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आतून फाटली होती. त्याच दिवशी ऑपरेशन झालं नाही तर माणूस हाती लागणार नव्हता. सही घेताना सर्जन म्हणाले, जीव वाचला तरी फुप्फुसं दगा देऊ शकतात. ऑपरेशन बराच वेळ चालणार, तोवर शरीर मशीनवर राहणार, बाहेरचं रक्त भरपूर द्यावं लागणार, आणि तयारीला वेळ नाही. मग त्यांनी विचारलं, बिडी-सिगारेट ओढतात का? शेजारी थोरले दीर उभे होते. मी म्हणाले, "नाही."

दोन वर्षांपूर्वी यजमानांनी गावदेवी मातामायच्या ओट्यावर नारळ फोडून, सगळ्यांसमोर बिडी सोडली होती. काही महिन्यांत पुन्हा धरली, ते फक्त मलाच ठाऊक होतं. देवीची शपथ मोडणारा म्हणून त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू नये, एवढंच त्या घडीला सुचलं.

ऑपरेशन पार पडलं, पण श्वासाची नळी काही निघेना. श्वास देणाऱ्या मशीनचा जोर कमी केला की ऑक्सिजन खाली यायचा. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत, पूर्वीचा काही त्रास? मी मान हलवून नाही म्हणायची आणि बाहेर येऊन मनातल्या मनात देवीला हात जोडायची. कोणत्या तोंडाने जोडत होते, कोण जाणे.

बाहेरच्या बाकावर नागझिऱ्याकडची एक बाई बसायची. तिचा भाऊ आत होता. ओळख ना पाळख, पण आपल्या डब्यातला भात ती मला रोज द्यायची. पाचव्या दिवशी काय झालं कोणास ठाऊक, मी तिला सारं सांगून टाकलं. ती जेवता जेवता थांबली.

"काऊन लपवून राहिलीस बाई? देवीले ठाऊकच आहे. डाक्टरले कोण सांगन?"

मी उठले आणि दिरांच्या देखतच डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की वर्षानुवर्षांची बिडी आणि त्यात मिलची धूळ, म्हणजे श्वासनळ्या आधीच आवळलेल्या असणार. हे आधी कळायला हवं होतं. त्याच दिवशी औषधं बदलली, वाफ सुरू झाली, छातीचा व्यायाम वाढला. दीर एक शब्दही वावगा बोलले नाहीत. रडू आवरेना तेव्हा त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी नळी निघाली. यजमानांचा आवाज घोगरा झाला होता. म्हणाले, "भूक लागून राहिली."

नर्सबाई हसल्या, आणि मी कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने देवीचं नाव घेतलं. पुढच्या आठवड्यात ते कोणाचाही हात न धरता वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, वळले आणि तसेच चालत परत आले. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बघत होती.

त्या बाईला देवीने धाडलं की ती आपली आपण बोलली, हे मी ठरवू शकत नाही. पण शरण जायचं तर काही राखून ठेवता येत नाही, हे मला त्या बाकावर कळलं. तेव्हापासून हात जोडण्याआधी मी जे लपवलं असेल ते आधी बोलून टाकते.