आई, तूबी चल

माझ्या सासूबाईंना सगळी वस्ती आत्याबाई म्हणायची. त्या माणसांशी कमी आणि वस्तूंशी जास्त बोलत. चूल पेटेना, की "लई माजलीस गं" म्हणून तिलाच दम भरत. विंझरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर. मी नवी नवरी होते तेव्हा वाटायचं, हे सगळं मलाच उद्देशून चाललंय. पुष्कळदा ते खरंही असायचं.

देवाधर्माच्या बाबतीत त्या भारी कडक. माझ्या थोरल्याला आणि धाकटीला एकदमच कांजिण्या झाल्या, तेव्हा त्यांच्या लेखी घरात देवी आली होती. फोडणी बंद, उशाशी लिंबाचा पाला, आणि देवी जाईपर्यंत पोरांना उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. नेमकं त्याच आठवड्यात पावसानं ठाण मांडलं. पोलीस पाटील दारातून ओरडून गेले, "वर डोंगराला भेग पडलीया. समदी शाळंत चला!" नवरा कामाला कापूरहोळला, एसटी बंद, धाकटी तापानं फणफणलेली. न्यावं तर पाऊस, ठेवावं तर डोंगर. मला रडूच फुटलं.

आत्याबाईंनी चूल विझवली. पोरांच्या उशाशी बसून हात जोडले. "आई, हितं ऱ्हाणं बरं न्हाई. तूबी चल आमच्यासंगं." मग धाकटीला पोटाशी धरलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि मला म्हणाल्या, "तिला सांगितलंय म्या. तू थोरल्याला घे."

इतरांच्या पोरांना लागू नये म्हणून आम्ही शाळेच्या व्हरांड्याच्या टोकाला बसलो. धाकटीचा ताप आणखी चढला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. त्यांनी पोरीला मांडीवरून खाली म्हणून ठेवलं नाही. मग ताप उतरला, पाऊसही थांबला. डोंगर जागचा हलला नव्हता. अर्धी वस्ती घरीच राहिली होती, तिनं आमची यथेच्छ चेष्टा केली. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई पडला, बरंच झालं की. पडायला पायजे व्हता का?"

पुढे काही पावसाळ्यांनी तशीच झड लागली आणि तशीच हाकाटी झाली. आत्याबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. "पोरं ने. मला हितंच ऱ्हाऊ दे," म्हणून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी ऐकलं नाही. चौघांनी घोंगडीच्या झोळीतून त्यांना शाळेत आणलं. वाटभर त्या पावसाला, झोळीला आणि मला शिव्या घालत होत्या.

डोंगर त्याही वेळी पडला नाही. आत्याबाई मात्र परत घरी आल्या नाहीत, शाळेच्या वर्गातच गेल्या. म्हातारीला तिच्या घरात मरू द्यायचं होतं, असं लोक म्हणाले. ते मला लागलं, अजून लागतं.

जाण्याआधी डोळे न उघडताच त्यांनी विचारलं होतं, "पोरं कुठं हायती?"

"हितंच हायती, आत्याबाई."

"समदी?"

"समदी."

"मग दार लोटून घे," त्या म्हणाल्या. "वारं लागंल त्यास्नी."