शुक्रवारची वजने

"सर, या शुक्रवारीही वजनं घसरली," गायकवाडबाई म्हणाल्या आणि वही माझ्या टेबलावर आपटली.

जालन्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी प्राणिगृहाचा इन-चार्ज होतो. बाई बदनापूरच्या शिक्षिका. त्यांची संशोधनाची रजा महिन्यात संपत होती. प्रबंध वेळेत गेला तरच ज्युनिअर कॉलेजची जागा मिळणार होती.

मेंदूच्या पुढच्या टोकाला वास ओळखणारा भाग असतो, गंधकंद. बाईंच्या प्रयोगासाठी बारा उंदरांचा तो काढला होता. दुसऱ्या बारांची कवटी उघडून नुसतीच बंद केली होती, म्हणजे शस्त्रक्रियेचा त्रास सर्वांना सारखा. खाद्यही मोजून सारखे. वास गेल्यावर शरीर अन्न कमी-जास्त जाळते का, एवढेच पाहायचे होते.

पाच आठवडे वास घेऊ शकणारे उंदीर दर शुक्रवारी हलके भरत होते. गंधकंद काढलेले मात्र नाही. उंदराला वार कळत नाही. मी तराजू तपासला, खाद्याचे पोते बदलले, पिंजऱ्यांच्या जागा बदलल्या. फरक शून्य.

शेवटी एका गुरुवारी सकाळी सातलाच गेलो. आत धूर. परिचर कोंडिबा धुपाटणे फिरवत होता.

"हे काय?"

"गुगुळ, सर. दर गुरुवारी जाळून राह्यलो. मोठे सर राउंडला येतात न्हाई का. मागं नाक धरून म्हणले, वास बिलकुल नको."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुठं? तुमाला तर उंदराचाबी वास येत न्हाई."

त्या वासात नाक शाबूत असलेले उंदीर खात नव्हते. वाटीत उरलेले कोंडिबा झाडून टाकत होता. ते मोजायला हवे होते. ती चूक माझी.

मोठे सर, म्हणजे प्राचार्य, भडकले. "पाच आठवडे फुकट? धूप जाळा असं मी म्हणालो होतो? खिडक्या उघडायच्या!"

"त्या तुम्हीच बंद करायला लावल्या, सर. मांजर येतं म्हणून," मी म्हणालो.

राउंड बंद झाला.

प्रयोग नव्या उंदरांवर पहिल्यापासून केला. तोवर रजा संपली. बाई शाळा सुटल्यावर बसने येत राहिल्या. पदवी मिळाली, पण वर्षभर उशिरा. जागा दुसऱ्याला गेली होती.

खोलीचे तापमान, उजेड, आर्द्रता आम्ही रोज लिहीत होतो. प्रयोग वासाचा होता आणि वासाचा रकाना तेवढा वहीत नव्हता.