रुमेनाताईनं हात आखडता घेतला

डॅन्यूबकाठच्या त्या बल्गेरियन गावात नर्सिंगच्या पोरींना वॉर्डात शिकवणारी एकटी रुमेनाताई. तिच्यामुळे हॉस्पिटलचं नशीब उजळतं, असं मोठे साहेब म्हणत. खोटं! उजळायचं ते जर्मनीचं. पोरीच्या हातावर हात ठेवून ती सुई शिरेत घालायला शिकवी, आणि हात बसला रे बसला की पोरगी बॅग भरून तिकडं जायला मोकळी. मागं उरल्या मोजक्याच थकलेल्या नर्सेस. त्यातली एक शरदात निवृत्त होणार होती. तिच्या जागी कुणी आलं नाही तर वॉर्डला कुलूप, असं वरून बजावून झालं होतं.

म्हणून दिल्याना शिकायला आली तेव्हा रुमेनानं मनाशी ठरवलं, ही गावचीच पोर, आजीपाशी राहणारी. हिला जाऊ द्यायचं नाही. जिला पंखच फुटले नाहीत ती उडेल कशी? दिल्यानानं चादरी बदलल्या, ताप बघितले, भांडी धुतली. तिनं सुई उचलली की रुमेना खांद्यानं तिला बाजूला सारी.

"राहू दे गं. आजोबांच्या शिरा नाजूक आहेत. तू बघ नुसती."

"बघून बघून डोळे फुटायची वेळ आली, ताई."

खाटेवरचे कामेन आजोबा खोकत हसले. "टोचू दे की तिला! मला काय आता बोहल्यावर चढायचंय?"

रुमेनानं दोघांनाही दटावलं.

परीक्षा झाल्यावर दिल्याना चॉकलेटचा डबा फिरवत वॉर्डात आली.

"कशाबद्दल गं?" रुमेनानं एक उचललं.

"जाते, ताई. जर्मनीला."

"आणि आजी?"

"आजीच म्हणाली, जा. मी राहणार होते हो, खरंच! पण परीक्षेत सगळ्यांनी झटकन सलाईन लावलं, मला शीरच सापडेना. कशीबशी पास झाले. उद्या रात्रपाळीला एकटी असताना माझ्या हातून कुणी मेलं तर? तिकडं म्हणे पहिल्यापासून शिकवतात."

रुमेनानं चॉकलेट परत डब्यात ठेवलं. शिव्या घालायला सरकार होतं, आयती माणसं उचलणारी जर्मनी होती. पण या पोरीचे हात तिनं स्वतः बांधले होते.

"सुई आण."

"आता कशाला, ताई?"

"आण म्हणते ना! तिकडं जाऊन माझी लाज काढशील."

रुमेनानं बाही वर सारून स्वतःचा हात टेबलावर ठेवला. "सुई जरा आडवी धर. अजून. शीर डोळ्यांनी नाही, बोटानं शोध."

दिल्याना पहिल्यांदा चुकली, कातडीखाली निळं टेंगूळ आलं. पुन्हा चुकली. मग नळीत रक्त उतरलं.

"जमलं, ताई!"

"जमलं," रुमेना म्हणाली. "जा आता."

पानं गळायच्या आत वॉर्डला कुलूप लागलं. कामेन आजोबांना जिल्ह्याच्या हॉस्पिटलात न्यायला गाडी आली.

"तिकडं मला टोचणार कोण?" त्यांनी विचारलं.

रुमेनाला ठाऊक नव्हतं. तिनं त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि गाडीचं दार लावलं.