अढीतली अंजिरं

अंजीर आवडतं का, असं कुणी विचारलं की आधी माझं डोकं तापतं आणि मग तोंडाला पाणी सुटतं. बाजारात कच्ची खुडलेली, खोक्यात निजवलेली अंजिरं मिळतात आणि लोक ती चाखून ‘छान आहे’ म्हणतात. छान कुठलं आलंय! आंबा उतरवल्यावर पिकतो, सीताफळ पिकतं, रामफळ पिकतं. अंजीर मात्र झाडावरून सुटलं की संपलं, जेवढं पिकलं असेल तेवढंच. ही साधी गोष्ट माझ्या आईला ठाऊक होती आणि वडिलांना नव्हती. आणि वडिलांना जे ठाऊक नसे, ते आमच्या घरात खरं नसे.

आमचं गाव परंड्याजवळ. राज्य निजामाचं, म्हणजे आमच्या बोलीत मोगलाई. आईचं माहेर बार्शीकडं, इंग्रजांच्या हद्दीत, आणि मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. एकदा माहेराहून येताना तिनं तिथल्या अंजिराची काडी ओल्या किलतानात, म्हणजे गोणपाटात, गुंडाळून आणली. नाक्यावरच्या शिपायानं ते सगळं उलगडायला लावलं.

“यात काय हाय?”

“काडी हाय.”

“काडी कशाला नेतीस?”

“लावायला. का सरकारला पायजे?” आई म्हणाली. शिपायानं ती काडी तशीच, बुडाशी बांधलेली ओली माती सांडून, परत दिली. आई उरलेल्या वाटेत ती पदराखाली धरून आली.

घरी आबांची, म्हणजे वडिलांची, दोन झाडं आधीच होती. एक दौलताबादेहून मुद्दाम आणवलेलं, दुसरं परंड्याच्या किल्ल्यातलं मागून आणलेलं. दोन्ही विहिरीच्या कडेला, मोटेचं पाणी पिणारी, मानाची. आईच्या काडीला जागा मिळाली न्हाणीमागं. अंघोळीचं सांडपाणी आणि भांडी घासून उरलेली राख, एवढ्यावर ती वाढली. आणि काय वाढली! राखेनं तिला जे दिलं ते मोटेनं त्या दोघांना कधी दिलं नाही.

तिन्ही झाडांची चव मला आजही वेगवेगळी आठवते. दौलताबादी अंजीर मोठं, हिरवट पिवळं, दिसायला राजबिंडं. पण साल जाड आणि आत नुसता मिळमिळीत गोडवा. किल्ल्यातलं छोटं, काळपट. त्यात बियाच फार, दातांखाली करकर वाजायच्या. चैत्राचं ऊन लागलं की ते फांदीवरच सुकून जाई. आईच्या झाडाचं अंजीर मात्र उन्हाला भीत नसे. जसं ऊन चढे तशी त्याची गोडी चढे. साल इतकी पातळ की बोट लावलं तर फाटावी, अंगावर जांभळी झाक, मान खाली घातलेली, आणि बुडाच्या डोळ्याशी चिकट पाण्याचा एक थेंब. तो थेंब दिसला की त्याच सकाळी खायचं. दुपारपर्यंत थांबलं तर बुलबुल तरी खाणार, नाही तर ते आंबणार. आई जुन्या धोतराच्या चिंध्या एकेका फळाला टोपड्यासारख्या बांधायची.

पण घरचा कायदा असा, की कुठलंही नवं फळ आधी देवाला, मग पुरुषांना, मग पाहुण्यांना. त्यातून उरलं तर बायकांना. बाकीची फळं एवढा दम धरतात. अंजीर धरत नाही. बायकांपर्यंत पोहोचायचं तेव्हा ते आंबट फेसाचं झालेलं असायचं, आणि मग आबाच म्हणायचे, “अंजीर म्हंजे बायकांना काय कळणार!”

म्हणून आई पहाटे राखेची बादली घेऊन झाडाशी जाई, थेंब आलेलं एखादं अंजीर सोडवी, निम्मं स्वतः खाई आणि निम्मं मला देई. मी एकदा भीत भीत विचारलं, “देवाला न्हाय दाखवलं?”

“पाखरं काय देवाला इचारून खात्यात?” ती म्हणाली आणि हात राखेनं चोळून धुतले. माहेरची तिची म्हणावी अशी त्या घरात तेवढीच एक वस्तू होती. लुगडी फाटली होती, भांडी घराची झाली होती, नाव तर लग्नातच बदललं होतं.

एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. सांडपाणी धरूनही एवढ्या झाडांना पाणी पुरायचं नाही, असं आबांनी ठरवलं आणि कोणतं झाड तोडावं हे ठरवायला कचेरीतल्या पेशकाराला फराळाला बोलावलं. का, तर पेशकारसाहेबांनी हैदराबादेत अंजीर खाल्लेलं! मी म्हणते, हैदराबादेत अंजीर खाल्लेल्या माणसाला परंड्याकडच्या न्हाणीमागचं काय कळणार? पण आम्हाला विचारतो कोण. आबांनी तिन्ही झाडांची सगळी अंजिरं हिरवी, दगडासारखी असतानाच उतरवली आणि आंब्याच्या अढीत काडात घालून ठेवली. आईच्या झाडावरच्या चिंध्याही सोडून फेकल्या.

“अवो, त्ये अंजीर हाय, आंबा न्हाय,” आई म्हणाली. “त्ये झाडावरच पिकतंय.”

“फळ म्हंजे फळ,” आबा म्हणाले. “अढीत घातलं की पिकतंय. आमी काय आज आंबे पिकवायलोत व्हय?”

पेशकारसाहेब आले, पाटावर बसले. अढी उघडली. जे व्हायचं तेच झालं होतं. किल्ल्यातली अंजिरं वाळून खडे झालेली. आईच्या झाडाची, पातळ सालीची, सगळी नासलेली. त्यांना बुरा चढलेला आणि आंबूस वास. दौलताबादी तेवढी, कातडं जाड म्हणून, जशीच्या तशी राहिलेली. साहेबांनी त्यातलं एक चावलं. कच्च्या अंजिराचा चीक ओठाला लागून त्यांचे ओठ खाजायला लागले, ते मी दाराआडून डोळ्यांनी पाहिलं. ओठ चोळत चोळत ते म्हणाले, “वाह! उमदा!” मग आईच्या अंजिराचं ताट त्यांनी बोटानं लोटलं. “ये झाड निकम्मा है. काट डालो.”

“उद्याच तोडतो,” आबा म्हणाले.

आई तेव्हा ताक वाढायला बाहेर आली होती. परक्या पुरुषासमोर ती कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. “त्ये झाड सगळ्यांत गोड हाय.”

“तुला कसं ठावं?” आबांनी विचारलं.

मला वाटलं ती आता आत निघून जाईल. पण ती तिथंच उभी राहिली, हातात ताकाचा तांब्या, आणि म्हणाली, “म्या खाल्लंय. रोज खाते.”

झालं! अंजिराचं राहिलं बाजूला. झाड गोड आहे की आंबट, याच्याशी त्या ओसरीवर कुणालाच काही देणंघेणं उरलं नाही. देवाच्या आधी खाल्लं, घरधन्याच्या आधी खाल्लं, चोरून खाल्लं! पेशकारसाहेब ओठ खाजवत हसले. नासवलं कुणी, आणि चोर ठरली कोण! हे लिहिताना आजही माझं डोकं तापतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी झाड बुडापासून तोडलं. बुंध्यातून पांढरा चीक किती तरी वेळ वाहत होता. आई भांडी घासत होती. घासून झाल्यावर तिनं राख नेहमीसारखी नेऊन त्या खुंटावर ओतली. आबा म्हणाले, “आता कशाला?” तिनं राख ओतायचं थांबवलं नाही.

पावसाळ्यात खुंटाला धुमारे फुटले. नंतर रझाकारांची धामधूम उठली, त्यात झाडाकडं पाहायला कुणाला सवड नव्हती. मोगलाई गेली. पेशकारसाहेब कुठं गेले कुणास ठाऊक. घरातला कायदा मात्र तोच राहिला. सरकार बदललं म्हणून ताटांचा क्रम बदलत नाही.

धुमाऱ्यांच्या फांद्या झाल्या, त्यांना अंजीर धरलं. आईनं पुन्हा चिंध्या बांधल्या, पण पहाटेचं अंजीर ती आता अख्खं मला देई. स्वतः खात नसे. मग काही दिवसांनी पहाटे चिंध्या सुटलेल्या सापडू लागल्या, आत काही नाही. बुलबुल गाठ सोडत नाही. आई त्या गोळा करून दुसऱ्या फळांना बांधायची.

एका पहाटे मी बादली घेऊन तिच्यामागं गेले. झाडाखाली आबा उभे होते. एका हातात चिंधी, दुसऱ्या हातात देठ, आणि दोन्ही गाल फुगलेले. आम्हाला पाहून ते जागीच थिजले.

आईनं बादली खाली ठेवली आणि अगदी सावकाश विचारलं, “देवाला दाखवलं का?”

आबांना गिळता येईना आणि थुंकता येईना. आईनं राख ओतली, बादली उचलली आणि ती घरात गेली. पुढं ते झाड कुणी तोडलं नाही, आणि ती परत अंजीर खायला लागली, सकाळी, उजेडात, सगळ्यांसमोर. पण ‘माझं चुकलं’ एवढं आबा मरेपर्यंत म्हणाले नाहीत. त्या पहाटे त्यांचं तोंड भरलेलं होतं म्हणून मी समजून घेतलं. नंतर इतकी वर्षं ते रिकामंच होतं.