आधीचं आडनाव

कुणाचीही ओळख झाली की आयरीन आधी आडनाव विचारायची आणि लगेच पुढचा प्रश्न टाकायची, "आणि त्याच्या आधी काय होतं?" डेट्रॉईटजवळच्या ॲन आर्बरमधल्या तिच्या घराचा वरचा मजला भाड्याने घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा मलाही तिने हेच विचारलं. मी फक्त आताचं आडनाव सांगितलं. गावाच्या नावाला 'कर' जोडलेलं आमचं आडनाव (लग्नानंतरही मी तेच लावते) बाबांनी तरुणपणी घेतलेलं. आधीच्या आडनावावरून जात कळायची. आडनावाचा माग काढत जातीपर्यंत पोचणारी माणसं मी नागपूर-पुण्यात पाहिली होती, इथल्या मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणांतही पाहिली होती. पण ही ऐंशीच्या घरातली गोरी बाई? हिला कुणी काय सांगितलं?

"यार, तू पण ना! कॅज्युअली विचारलं असेल तिने," माझा नवरा सुहास गाडीत म्हणाला. मी मात्र सावध राहायचं ठरवलं.

विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात आयरीनची हयात गेली होती. दर रविवारी चर्चला जायची आणि पाद्रीबाबांच्या प्रवचनातल्या चुका काढून परत यायची. "घरातल्या गोष्टी फार प्रेमाने खोटं बोलतात," हे तिचं लाडकं वाक्य.

तिचा खरा संशय होता स्वतःच्या आजोबांवर. ते पोलंडमधल्या एका खेड्यातून डेट्रॉईटला आले होते. बोटीच्या यादीत त्यांचं लांबलचक पोलिश आडनाव होतं आणि नागरिकत्वाच्या कागदावर एक आखूड, इंग्रजी वळणाचं. बंदरावरच्या कारकुनाला उच्चारता येईना म्हणून त्याने ते छाटलं, अशी घरातली गोष्ट. "साफ खोटं!" आयरीन टेबलावरच्या झेरॉक्सवर बोट आपटत म्हणायची. "कारकून बोटीवरून आलेल्या यादीवर नुसत्या खुणा करायचा. नाव आजोबांनीच बदललं. आणि नाव बदलणारा माणूस कुणापासून तरी पळत असतो."

खेड्यात बायको सोडून आले असतील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. तसं असेल तर आजीचं लग्न खोटं. मग आपले वडील कोण आणि आपण कोण? हा प्रश्न तिला खरोखर खात होता. आजोबांचा फोटो तिने भिंतीवरून काढून कपाटात टाकला होता. त्यावरून धाकट्या बहिणीशी, हेलनशी भांडण झालं आणि हेलनने ख्रिसमसला येणं बंद केलं. कम्प्युटरवर शोधायला मी मदत करायचे. आजोबांच्या खेड्यातल्या चर्चच्या जुन्या नोंदी मिळाल्या, त्यात आजोबांचं लग्न नव्हतं. मला हायसं वाटलं. आयरीन म्हणाली, "शेजारच्या गावात लावलं असेल."

एका दुपारी ती पुन्हा 'पळत असतो' म्हणाली आणि माझा तोल सुटला. "माझ्या बाबांनीही नाव बदललं. ते कुणापासून पळाले नाहीत. आमची जात खालची मानतात. जुनं नाव ऐकलं की पुण्यात त्यांना कुणी खोली देत नव्हतं."

"पुरावा?"

नाव बदलल्याचं सरकारी राजपत्रात छापून येतं. त्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तिने चष्मा सरसावून तो न्याहाळला. "यात कारण कुठे आहे?"

"कारण छापत नाहीत. बाबांनी सांगितलं मला."

"सगळ्यांच्या मुली हेच म्हणतात," आयरीन शांतपणे म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. सुहास म्हणाला, दुसरं अपार्टमेंट बघू या. मी बघायलाही लागले.

मग एका रविवारी सकाळी धापा टाकत ती जिना चढून आली. तिचं हृदय अधू होतं, वर कधी यायची नाही. "तुझ्या वडिलांना मला स्वतः विचारायचंय," ती म्हणाली. म्हटलं विचार, एकदा होऊनच जाऊ दे. मी फोन लावून स्पीकरवर टाकला.

पेठ कुठली, घरमालक काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, तिने सगळी उलटतपासणी घेतली. बाबा बँकेच्या नोकरीत शिकलेल्या इंग्रजीत न कुरकुरता उत्तरं देत होते. शेवटी तिने विचारलं, "नाव टाकताना वाईट नाही वाटलं?"

हे मीही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"वाटलं ना, मॅडम," बाबा म्हणाले. "म्हणून आधी गावी जाऊन वडिलांना विचारलं." पुढचं त्यांच्या तोंडून आपसूक आमच्या बोलीत आलं, "ते म्हनले, नाव उराशी घेऊन रस्त्यावर झोपतं का? जाय, खोली पाय. अन् मंग दिवसभर जेवले नाहीत."

मी ते आयरीनला इंग्रजीत सांगितलं. तिने पुरावा मागितला नाही.

"माझ्या आजोबांचे वडील समुद्रापलीकडे होते," ती म्हणाली. "त्यांना विचारायला जाता आलं नसेल." तिचे डोळे भरून आले. माझेही आले. मी उठून चहा टाकला.

त्या आठवड्यात आजोबांचा फोटो भिंतीवर परत आला आणि आयरीनने हेलनला स्वतःहून फोन केला. "संशय अजून गेलेला नाही हं," असं मला अधूनमधून बजावायची. ख्रिसमसला हेलन आली. त्यानंतरच्या वसंतात आयरीन गेली.

अंत्यविधीनंतर चर्चच्या दारात हेलनने माझा हात धरला. "कागदाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी माझी बहीण! शेवटी कुठला कागद सापडला तुम्हाला?"

"कागद नाही सापडला," मी म्हणाले. "माझे बाबा आहेत नागपूरला. हवं तर फोन लावून देते."