दोन शहरांचा कौल

अर्जदार: मी, वेंगुर्ल्याच्या कचेरीच्या आवारात टेबल टाकून बसणारा अर्जनवीस, शिक्षण मराठी सहावी, अनुभव त्याहून पुष्कळ.

वादी: शेजारचे हेडमास्तर, इतिहासाचे, नुकतेच सेवानिवृत्त.

प्रतिवादी: त्यांच्या सौभाग्यवती, माहेर मौजे आरोंदा, ज्यांना आम्ही सर्व वहिनी म्हणतो.

साक्षीदार: गावकर, म्हणजे देवळात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान ज्यांच्या घराण्याकडे आहे ते वृद्ध गृहस्थ, आणि गुरव.

काळ: गोवा मोकळा झाल्यानंतरचा दुसरा की तिसरा उन्हाळा. नावे मुद्दाम वगळली आहेत, कारण सर्व पक्षकार रोज समोरासमोर भेटतात आणि मला या गावातच राहावयाचे आहे.

हकीकत येणेप्रमाणे.

मास्तरांचा मुलगा जर्मनीत इंजिनिअर होता. त्याने आईवडिलांना सुट्टीसाठी बोलावले, बोटीची व्यवस्था केली आणि लिहिले, की बोट इटलीच्या बंदरात लागेल, मी तेथे न्यायला येईन. तेथून माझ्या घरी येताना वाटेत दोन ऐतिहासिक शहरे पाहता येतील. माझी रजा बेताची असल्याने दोनच. कोणती, ते लवकर कळवा.

पत्राचे उत्तर लिहिण्यासाठी मास्तर माझ्याकडे आले. मास्तरांना लिहिता येत नव्हते असे नाही. परंतु युरोपास जावयाचे पत्र मसुद्याशिवाय धाडणे त्यांना प्रशस्त वाटेना, आणि या विचाराबद्दल मी त्यांचा आजही आदर करतो.

मास्तरांची निवड तयारच होती: रोम आणि पॅरिस. उभ्या नोकरीत त्यांनी मुलांना रोमचे साम्राज्य शिकवले होते. शाळेच्या नकाशावर रोम जेथे होते तेथे त्यांची छडी टेकून टेकून भोक पडले होते आणि त्यातून मागची भिंत दिसे. पॅरिसची राज्यक्रांती सांगताना तर ते खुर्चीवर चढत, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात.

वहिनींनी मात्र एकच शहर सांगितले, आणि ते या दोहोंत नव्हते. त्यांच्या स्वयंपाकघरात तिरफळे ठेवण्याचा बिस्किटांचा एक जुना डबा होता. आरोंद्याच्या खाडीवरील तरीचा, म्हणजे उतारू पलीकडे नेणाऱ्या होडीचा, मक्ता त्यांच्या वडिलांकडे असे. पलीकडच्या गोव्याच्या बाजूकडून त्यांनीच तो डबा लेकीला आणून दिला होता. झाकणावर व्हेनिसचे चित्र: पाण्यात उभी घरे, आणि होडीच्या मागच्या टोकाला उभा राहून वल्हवणारा एक इसम. वडीलही, गडी आला नाही की, तसेच उभे राहून होडी हाकीत. चित्राकडे बोट दाखवून ते म्हणत, "ह्यो बसान वल्हयणा नाय गो. ह्यो आमच्यातलोच!" वडील कधीच गेले. वहिनींना तो वल्हवणारा खरोखर उभाच असतो की चित्रकाराची थाप आहे, एवढे एकदा डोळ्यांनी पाहावयाचे होते.

"होडी बघूक इटलीक कित्याक जावक होया?" मास्तर माझ्यासमोरच म्हणाले. "उद्याची यष्टी पकड नि आरोंद्याक जा. तिकीट मी काढतंय."

"तुमका मोडक्यो भिंती बघूच्यो आसत, तर आमच्या न्हाणयेची मागची भिंत बघा," वहिनी म्हणाल्या. "तीय ऐतिहासिकच आसा. लगीन झाल्यापासून तशीच आसा."

आठवडाभर हा वाद चालला. घरात तिरफळाशिवाय बांगड्याचे कालवण होऊ लागले, कारण डबा आता वहिनींनी धुऊन पुसून देव्हाऱ्याशेजारी मांडला होता. अखेर मास्तर म्हणाले, की समुद्र ओलांडण्यापूर्वी देवाला गाऱ्हाणे घालावयाचेच आहे, तर त्याच वेळी कौल घेऊ. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "कौल पडेल तो मला मान्य," असे त्यांनी माझ्यासमक्ष सांगितले.

देवापुढे असे महत्त्वाचे काम तोंडी जाऊ नये म्हणून मी स्वतः अर्ज तयार केला. त्यात सात कलमे होती. शेवटची प्रार्थना अशी, की वादीस रोम व पॅरिस ही शहरे पाहण्याची अनुज्ञा व्हावी.

वहिनींनी तो ऐकला. "भावोजी, ह्यात माजा खंय आसा?"

"वहिनी, अर्ज वादीचा आहे. प्रतिवादीची मागणी त्यात घालता येत नाही. आपणांस स्वतंत्र अर्ज करावा लागेल."

"म्हणजे देवाकडेय ह्येंचाच आधी आयकतले?"

कायदा मी केलेला नाही. मी तो फक्त जाणतो.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. गुरवाने पाकळ्या लावल्या. मी वाचन सुरू केले. तिसऱ्या कलमापाशी गावकरांनी हात वर केला.

"ओ अर्जनवीस, ता कागद घडी करा. देव वाचणा नाय, आयकता. मास्तरानु, तुमीच सांगा. त्या रोमात आसा काय?"

मास्तरांनी सांगितले: भव्य खांब, कमानी, दोन हजार वर्षांची देवळे.

"देवळा? चालू आसत?"

"नाही, पडकी आहेत. ती तशीच जपून ठेवतात. बघायला तिकीट असते."

गावकरांनी वर बोट दाखवले. "हय सभामंडपाचो पत्रो गळता, त्याची वर्गणी तुमी अजून देवक नाय. आणि थंय मोडक्या देवळाक तिकीट काढून जातलास? आणि ता माका ह्या देवाक विचारूक सांगतास?"

गुरव खांबाआड जाऊन हसला. मास्तर घाईने पॅरिसकडे वळले आणि तेथील जनतेने राजाचे मस्तक कसे उडवले, हे सांगू लागले. सवयीने त्यांचा आवाजही चढला. गावकरांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. संस्थानाची हद्द आमच्या गावाला लागून; राजाचा मान येथे अजून आहे. "हळू! राजाचा डोक्या म्हणे! देवाच्या म्होरे असा बोलतत?"

मग ते वहिनींकडे वळले. "आणि तुका गो बाय? तुका खंय जावचा आसा?"

वहिनी पदर सावरून म्हणाल्या, "जंय रस्तेच नाय, सगळा पाणीच आसा, थंय. दाराक होडी लागता. आमच्या खाडयेसारखा."

गावकरांचा चेहरा उजळला. पाण्याचे गाऱ्हाणे त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. गलबते जात तेव्हा त्यांचे आजे ते घालीत. त्यांनी मागे वळूनही न पाहता सुरुवात केली:

"बा देवा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां दर्याच्या पल्याड जातत. जंय वाटेक पाणी आसा नि दाराक पाणी आसा, थंय ह्येंच्या होडयेर तुजो हात आसांदे. वल्ह्याक बळ दी, खाडयेक उतार दी, नि गेली तशी सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सर्वांनी म्हटले. मास्तरांनीही म्हटले; ते वाक्य कोणाच्या बाजूचे आहे हे कळण्यापूर्वीच त्यांच्या तोंडून गेले होते.

उजवी पाकळी लगेच पडली. व्हेनिस मंजूर झाले.

मग गुरवाने पाकळी पुन्हा लावली आणि रोमसाठी गावकरांनी दोन शब्दांत विचारले, थोडे नाराजीनेच. पाकळी हलेना. उजवी नाही, डावी नाही. समई तडतडली, गुरव खाकरला, तरी पाकळी तशीच. मास्तर हात जोडून उभे होते. वर्गात छडी घेऊन उभा राहणारा माणूस असा लहान दिसू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

वहिनींनीही ते पाहिले. त्या पुढे झाल्या. "गावकरानु, परत इचारा. मोडक्या देवळाचा सांगा नको. सांगा, की ह्येंका ता एक गाव बघूचा आसा. सगळो जल्म पोरांका सांगत इले, पण स्वता कदी बघूक नाय. आणि ह्येंची खुशी ती माजी खुशी."

गावकरांनी तसे गाऱ्हाणे घातले, आणि या खेपेस आवाजात जीव होता. उजवी पाकळी पडली.

"आणि पॅरिस?" मास्तरांनी हळूच विचारले.

"ता देवाक नको नि माकाय नको," गावकर म्हणाले आणि प्रसाद वाटू लागले.

येणेप्रमाणे व्हेनिस व रोम कायम झाले. मसुदा मी केला. पत्र एका पानाचे झाले.

पावसाळा संपता संपता दोघे परत आले. मी प्रथम मास्तरांना भेटलो. "रोम पाहिले," ते म्हणाले. "सगळे जागच्या जागी आहे. मी शिकवले तसेच." याहून मोठे समाधान शिक्षकाला काय असावे? मात्र वहिनींबद्दल त्यांची तक्रार होती. "व्हेनिसात दोन्ही बाजूंना राजवाडे, आणि ही बाई सगळ्यांकडे पाठ करून वल्हवणाऱ्याकडे तोंड करून बसली!"

वहिनी माझ्यासाठी चहा आणत होत्या. "राजवाडे काय, थंयच रवतले," त्या म्हणाल्या. "भावोजी, उबोच आसता. मागच्या टोकाक, एकाच वल्ह्यार. बाबा म्हणत तसोच." डबा पुन्हा फळीवर गेला होता. त्यांनी झाकण उघडून त्यात नवी तिरफळे ओतली. "फक्त वळण घेताना आमच्या बाबांसारखो सफाईन घेणा नाय."

आता माझी प्रार्थना. ते युरोपास निघण्यापूर्वी मी उभयतांस एक प्रश्न तोंडी दिला होता, की ज्या शहरात रस्ता नाही, तेथे पक्षकार कचेरीत कसा पोहोचतो, आणि कचेरीबाहेर झाडाची सावली नसता अर्जनवीस आपले टेबल कोठे टाकतो? मास्तर म्हणाले, पाहण्यात आले नाही. वहिनी म्हणाल्या, "पुढच्या खेपेक तुमकाच घेवन जातव," आणि हसल्या. यास उत्तर म्हणता येत नाही.

सबब विनंती, की वादी व प्रतिवादी यांनी, अथवा ते शहर डोळ्यांनी पाहिलेल्या कोणाही सज्जनाने, सदर प्रश्नाचे स्पष्ट उत्तर निम्नस्वाक्षरीकारास द्यावे. कचेरीच्या दिवशी मी आंब्याखाली असतो. टेबल ओळखीचे आहे. त्याचा एक पाय आखूड आहे.