मलेरियावर काविळीची माळ

ओपीडीत दोन गोष्टी कधी संपत नाहीत, पेशंट आणि किस्से. पेशंट निदान घरी तरी जातात!

मी मिरजेत शिकलो. तिथे ताप म्हटला की हात आपोआप मलेरियाच्या तपासणीकडे जातो. आयर्लंडमध्ये गॉलवेला आल्यावर पहिल्याच महिन्यात एका तापलेल्या शेतकऱ्याचं रक्त मी तसंच पाठवलं. मॉरीन, आमची नर्स, म्हणाली, "डॉक्टर, आधी विचारा तरी, परदेशी गेला होता का!"

विचारलं. "गेलो होतो ना," तो म्हणाला, "डब्लिनला!"

*

उलटंही होतं. समीर इथे मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत आहे. साताऱ्याकडच्या गावी सुट्टी घालवून परतला आणि तापला. इथल्या एका डॉक्टरने फ्लू म्हणून झोपायला सांगितलं. आमच्याकडे आला तेव्हा थंडीने खुर्चीसकट हलत होता.

मॉरीनने विचारलं, "कसे आहात?"

"ग्रँड!" म्हणजे झकास; इथे काहीही झालं तरी माणसं हेच म्हणतात.

एवढा आयरिश झालेला मराठी माणूस मी पाहिला नव्हता. मलेरिया निघाला.

*

ऑफिसात त्याचा भाव वधारला. एकाला तर जंगल, वाघ, सगळं ऐकायचं होतं. "मी म्हटलं, मामाच्या गच्चीवर झोपलो होतो," समीर सांगायचा, "बिचाऱ्याचा मूडच गेला!"

*

मलेरिया गोळ्यांनी गेला. पण त्याच रक्तात हेपॅटायटिस बी सापडला, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. ना डोळे पिवळे, ना काही त्रास. बायकोचा रिपोर्ट चांगला आला. मी म्हटलं, "हा बहुतेक जन्माच्या वेळी आईकडून येतो. आईंचंही रक्त तपासायला हवं."

 समीर म्हणाला, "डॉक्टर, आईला कळता कामा नये. आपल्यामुळे पोराला झालं म्हणून ती जेवायची नाही."

आईसाठी त्याचा मलेरियाच चालू राहिला. फोनवर ती विचारायची, "आजून मलेरियाच व्हय रं?"

*

शेवटी आई स्वतःच गॉलवेला आली. पुढच्या तपासणीला समीर तिला घेऊन आला तो गळ्यात काविळीची माळ घालून. कावीळ उतरते तशी ही माळ लांबत जाते म्हणतात. मॉरीन म्हणाली, "लव्हली!"

"मलेरियावर काविळीची माळ!" समीर हसत म्हणाला. "आईचं आपलं काहीतरीच." आणि चहा आणायला गेला.

दार लागताच आई पुढे सरकली. "डाक्टर, माझं आपरेशन झालं तवा रगतात ती कावीळ निघाली. पोराचंबी तपासून घ्या म्हनले. म्या भ्याले, न्हाई नेलं." पदराने डोळे पुसले. "माझंबी रगत घ्या आता. पर त्याला कळू देऊ नगा."

मी तपासणीचा फॉर्म पुढे ओढला. तेवढ्यात समीर चहा घेऊन आला.

"काय म्हणत होतीस गं?"

"म्हनलं, लई गार हाय हितं."

त्याने चहा तिच्या हातात दिला. तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग गळ्यातली माळ काढून तिच्या गळ्यात घातली.

"मला टोचते," तो म्हणाला. "तूच घाल."